बिनतारी संदेशाचा साधक : मार्कोनी

छत्रपती संभाजीनगराहून खुलताबादकडे जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. पुढे घाट उतरला की वेरूळ येते आणि तोच रस्ता कन्नडवरून चाळीसगावच्या बाजूला खानदेशात उतरतो. या डोंगराळ मुलखात मुख्य रस्ता सोडून आडवाटेने चार-पाच जीपगाड्यांचा ताफा चालला आहे, अशी कल्पना करावी. पुढची गाडी वळणाआड गेली की मागच्या गाडीला ती दिसत नाही. पावसाने वाट खचली असेल किंवा ओढ्याला पाणी चढले असेल, तर ते सर्वांत आधी पुढच्या चालकाला कळते. आणि शेवटची गाडी चिखलात रुतली, तर ते सर्वांत उशिरा त्यालाच कळते. हाक पोहोचत नाही, हॉर्नचा अर्थ लागत नाही आणि दरीत मोबाईल फोनही पुष्कळदा मुका होतो. अशा वेळी तळहाताएवढे एक यंत्र कामी येते. कळ दाबून बोलावे, कळ सोडून ऐकावे. या यंत्रालाच वॉकी-टॉकी किंवा दुहेरी रेडिओ म्हणतात.

अशी यंत्रे अनेक प्रकारची असतात. सर्वांत दूर बोलणारे यंत्र तेच सर्वांत चांगले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ते खरे नव्हे. कोणत्या भूमीवर, किती अंतरावर आणि कोणाशी बोलायचे, हे ओळखून यंत्राची निवड करावी लागते. ही साधी दिसणारी गोष्ट पूर्णपणे उमगण्यासाठी बिनतारी विद्येच्या एका थोर साधकाला सुमारे पाव शतक खर्चावे लागले. त्याचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म इटलीतील बोलोन्या शहरी २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील सधन जमीनदार होते. आई अॅनी ही आयर्लंडची. मुलगा अबोल होता आणि शाळेच्या अभ्यासात फारसा चमकला नाही. विद्यापीठाची पदवीही त्याला मिळाली नाही. परंतु यंत्रे खोलून पाहावीत, तारा जोडाव्यात, विजेचे प्रयोग करावेत, याचे त्याला विलक्षण वेड होते. वडिलांना हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटे. आई मात्र त्याच्या पाठीशी उभी राहिली. बोलोन्या विद्यापीठातील ऑगुस्तो रिगी या प्राध्यापकांकडे मुलाला काही शिकता यावे, यासाठी तिने खटपट केली.

त्या काळी विद्युत्चुंबकीय लहरींचा शोध नवीनच होता. अशा लहरी असल्या पाहिजेत, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले होते, आणि हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या होत्या. १८९४ साली हर्ट्झ अकाली मृत्यू पावला. त्याच्या कार्याविषयीचा लेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि त्याच्या मनात एक विचार चमकून गेला. या लहरी तारेवाचून पसरतात. मग तारेवाचून संदेश का पाठविता येऊ नये?

घराच्या माळ्यावर, जेथे पूर्वी रेशमाचे किडे पाळीत असत, तेथे त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून वर नेले. खोलीच्या एका टोकाला त्याने कळ दाबली आणि दुसऱ्या टोकाला, मध्ये एकही तार नसताना, घंटा वाजू लागली.

पुढचे प्रयोग शेतात झाले. १८९५ साली त्याने एक महत्त्वाची सुधारणा केली. यंत्राचे एक टोक जमिनीत पुरले आणि दुसरे टोक तारेने उंच खांबावर चढविले. हीच आजच्या एरियलची सुरुवात होय. तार जितकी उंच, तितका संदेश दूर जातो, असे त्याला आढळून आले. थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन दूर उभा राही व संदेश मिळाला की रुमाल हलवून खूण करी. परंतु समोर दिसणाऱ्या माणसाला निरोप पोहोचविण्यात विशेष ते काय? म्हणून मार्कोनीने भावाला टेकडीपलीकडे पाठविले. आता रुमाल दिसणार नव्हता. म्हणून अल्फोन्सोने बरोबर बंदूक नेली. मार्कोनीने कळ दाबली. क्षणभर शांतता पसरली आणि मग टेकडीपलीकडून बंदुकीचा बार ऐकू आला. संदेश पोहोचला होता! जाणारा निरोप बिनतारी होता, पण येणारे उत्तर बंदुकीचे होते. उत्तर आल्यावाचून संदेश पुरा होत नाही, हे या पहिल्या प्रयोगातच दिसून आले.

१८९६ साली आईसह मार्कोनी इंग्लंडला गेला. तेथे २ जून रोजी त्याने आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला साहाय्य केले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवर सुमारे सहा किलोमीटर अंतरावरील बेटावरून संदेश आला, १८९९ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीही संदेशाने ओलांडली. त्याच वर्षी समुद्रातील एका दीपनौकेला दुसऱ्या जहाजाची धडक बसली, तेव्हा तिने बिनतारी यंत्राने किनाऱ्याकडे मदत मागितली. शोधाला पाच वर्षे होत नाहीत तोच तो माणसांच्या जिवाच्या उपयोगी पडू लागला.

परंतु समुद्रावर जे साधले, ते जमिनीवर सहज साधले नाही. १८९९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होते. मार्कोनीच्या कंपनीचे काही तंत्रज्ञ यंत्रे घेऊन तेथे गेले. ती यंत्रे सैन्याबरोबर गाड्यांतून उघड्या माळावर न्यावी लागली. यंत्रे होती, पण एरियलसाठी योग्य असे उंच खांब नव्हते. पतंगांच्या साहाय्याने तार वर चढविण्याचा प्रयत्न झाला; परंतु वारा पडला की पतंग खाली येई आणि यंत्र मुके होई. शेवटी ती यंत्रे सैन्याकडून काढून नौदलाच्या जहाजांवर बसविण्यात आली. तेथे उंच डोलकाठ्या होत्या आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून लहरी सुखाने प्रवास करीत. तेथे तीच यंत्रे चांगली चालली. यंत्र तेच, पण भूमी बदलली आणि त्याचा गुण बदलला.

मार्कोनीने या अपयशाकडे पाठ फिरविली नाही. १९०१ साली त्याने वाफेवर चालणाऱ्या एका मोटारगाडीवर बिनतारी यंत्र बसविले. गाडीच्या छपरावर धातूचे उंच नळकांडे उभे केलेले असे, तेच एरियल. प्रवासात ते आडवे पाडता येई. चाकांवरून फिरणाऱ्या वाहनातून बिनतारी बोलणे करण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. आज जीपच्या छपरावर जी बारीक काठी डोलताना दिसते, तिचे मूळ त्या अवजड नळकांड्यात आहे.

त्याच वर्षी मार्कोनीने एक अचाट साहस आरंभिले. अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठवावयाचा! पृथ्वी गोल असल्यामुळे लहरी सरळ अंतराळात निघून जातील, असे अनेक विद्वानांचे मत होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्ढू येथे साठ मीटर उंचीच्या वीस खांबांचे वर्तुळ उभारण्यात आले. सप्टेंबर महिन्यात वादळ झाले आणि ते सारे खांब कोसळले. मार्कोनीने लहान एरियल उभारून काम पुढे चालविले. तो स्वतः न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तेथेही सोसाट्याचा वारा होता. पतंगाला तार बांधून ती वर चढविण्यात आली आणि १२ डिसेंबर १९०१ रोजी कानाशी धरलेल्या यंत्रातून त्याला तीन बारीक ठोके ऐकू आले. मोर्सच्या लिपीतील ती ‘एस’ या अक्षराची खूण होती. ते ठोके खरोखर पोल्ढूचेच होते काय, याविषयी काही तज्ज्ञ अजूनही शंका घेतात. परंतु पुढील वर्षी जहाजावर केलेल्या प्रयोगांत दूरचे संदेश कागदाच्या पट्टीवर उमटले आणि मार्कोनीचा मार्ग बरोबर असल्याचे सिद्ध झाले.

या यशात भारताचाही वाटा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. त्यांनी १८९९ साली वर्णन केलेल्या ग्राहकाच्या रचनेशी मार्कोनीने अटलांटिकच्या प्रयोगात वापरलेला ग्राहक मिळताजुळता होता, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. विज्ञानाचे मंदिर एकट्या माणसाच्या हातून उभे राहत नाही.

आता मार्कोनीची कीर्ती जगभर पसरली. १९०९ साली त्याला कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासह पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कीर्तीबरोबर दोषही वाढीस लागला. त्याच्या कंपनीची यंत्रे ज्या जहाजांवर असत, त्यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांशी, संकटप्रसंग सोडून, बोलू नये, असा कंपनीचा दंडक होता. समुद्रावर दोन जहाजे शेजारून जावीत आणि यंत्र असूनही त्यांनी एकमेकांशी बोलू नये, ही स्थिती लोकांना असह्य वाटू लागली. अखेर १९०६ साली बर्लिन येथे भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेने यंत्र कोणाचेही असो, बोलणे नाकारू नये, असा नियम केला. व्यापाराच्या दृष्टीने मार्कोनीचा दंडक फायद्याचा असेल. परंतु संदेशवहनाच्या मूळ धर्माला तो सोडून होता.

यंत्र चांगले असले तरी ते वापरणाऱ्या माणसाला शिस्त हवी, ही गोष्ट १९१२ साली जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. टायटॅनिक हे प्रचंड जहाज १४ एप्रिलच्या रात्री हिमनगावर आदळले. त्यावरील तंत्रज्ञ मार्कोनीच्या कंपनीचे होते. त्या रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने पुढे बर्फ असल्याचे कळविण्याचा प्रयत्न केला होता. परंतु टायटॅनिकचा तंत्रज्ञ प्रवाशांचे खाजगी निरोप पाठविण्यात गुंतला होता आणि त्याने त्या जहाजाला गप्प बसावयास सांगितले. कॅलिफोर्नियनच्या तंत्रज्ञाने यंत्र बंद केले व तो झोपी गेला. थोड्याच वेळाने टायटॅनिकने मदतीची हाक दिली, तेव्हा ती ऐकण्यास जवळच्या जहाजावर कोणी जागे नव्हते. शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या कार्पेथिया जहाजाने ती ऐकली व ते धावून आले. सुमारे सातशे माणसे वाचली. सुमारे पंधराशे माणसे बुडाली. बिनतारी यंत्र नसते, तर कदाचित जे वाचले तेही वाचते ना. परंतु जवळचे यंत्र जागे असते, तर आणखी कितीतरी जीव वाचले असते. यानंतर मोठ्या प्रवासी जहाजांवर रात्रंदिवस यंत्रापाशी माणूस बसलाच पाहिजे, असा नियम झाला.

त्याच वर्षी मार्कोनीवरही संकट ओढवले. इटलीच्या डोंगराळ रस्त्यावर त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्याला उजवा डोळा गमवावा लागला. परंतु त्याने काम थांबविले नाही.

आता त्याच्या जीवनातील सर्वांत मोठी निवड जवळ येत होती. आतापर्यंत दूर बोलायचे म्हणजे लहरी लांब हव्यात, खांब उंच हवेत आणि वीज प्रचंड हवी, असा त्याचा समज होता. जगभर दीर्घलहरींची अवाढव्य केंद्रे उभारण्याचे बेत चालू होते. परंतु १९१६ पासून त्याने पुन्हा आखूड लहरींचे, म्हणजे लघुलहरींचे, प्रयोग सुरू केले. या लहरी थोड्या अंतराच्याच उपयोगाच्या, असे सर्वांना वाटे. १९२२ साली न्यूयॉर्क येथे अभियंत्यांच्या सभेत त्याने मोकळेपणाने कबूल केले की, केवळ दीर्घलहरींच्या मागे लागून आपण एकाच चाकोरीत अडकून पडलो. ज्या मार्गावर सारी कीर्ती मिळविली, तोच मार्ग अपुरा होता असे म्हणावयास मोठे धैर्य लागते. १९२३ साली त्याने आपल्या एलेत्रा नावाच्या नौकेतून दूर समुद्रात जाऊन लघुलहरी पारखल्या. थोड्याशा विजेने निघालेल्या या लहरी उंच वातावरणातील विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचत होत्या. लगेच दीर्घलहरींचे जुने बेत बाजूस पडले आणि लघुलहरींचा झोत एकाच दिशेने सोडणारी केंद्रे उभी राहू लागली.

याच पद्धतीचे एक केंद्र महाराष्ट्रात झाले. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यामध्ये हा झोताचा बिनतारी मार्ग सुरू झाला. संदेश पाठविण्याचे ठिकाण होते पुण्याजवळची खडकी आणि संदेश घेण्याचे ठिकाण होते दौंड. मराठवाड्यातील मुलांना खडकी हे नाव परिचयाचे वाटेल. मलिक अंबरने १६१० साली जे नगर वसविले व जे आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते, त्याचेही जुने नाव खडकीच होते. परंतु ही खडकी निराळी. पाठविण्याचे आणि घेण्याचे ठिकाण इतके दूर कशासाठी? आपण मोठ्याने ओरडत असताना दुसऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसेच यंत्राचेही होते. जवळच्या प्रेषकाच्या जोरापुढे सातासमुद्रांपलीकडची क्षीण लहर ग्राहकाला ऐकू येत नाही. म्हणून बोलणारी खडकी आणि ऐकणारे दौंड यांच्यामध्ये अंतर ठेवले. लहान वॉकी-टॉकीत एवढे अंतर ठेवता येत नाही. म्हणून तेथे बोलणे आणि ऐकणे पाळीपाळीने करावे लागते.

उत्तरायुष्यात मार्कोनी त्याहूनही आखूड, हातभर लांबीच्या लहरींकडे वळला. १९३३ साली त्याने व्हॅटिकन आणि पोपचे उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये अशा लहरींचा दूरध्वनी सुरू केला. अंतर अवघे वीस किलोमीटरच्या आसपास होते. ज्याने महासागर ओलांडले, त्याला वीस किलोमीटरचे काम हलके वाटले नाही. त्या कामासाठी तीच लहर योग्य होती.

मार्कोनीच्या चरित्रात एक डागही आहे. १९२३ साली तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाला आणि त्या जुलमी राजवटीने दिलेली मानाची पदे त्याने स्वीकारली. बुद्धी थोर असली म्हणजे प्रत्येक निवड योग्यच होते, असे नाही. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.

मार्कोनीचे पहिले संदेश म्हणजे ठोके होते. माणसाचा आवाज बिनतारी मार्गाने पाठविण्याचे काम फेसेंडन या शास्त्रज्ञाने १९०० साली साधले, आणि पाठीवर किंवा हातात घेऊन चालता येईल असे दुहेरी रेडिओ दुसऱ्या महायुद्धात प्रचारात आले. परंतु त्यांची निवड करताना मार्कोनीच्या आयुष्यातील धडे आजही उपयोगी पडतात.

डोंगरातील त्या ताफ्याकडे पुन्हा वळावे. अकरा मीटर लांबीच्या लहरीसाठी लहरीच्या पावपट, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर उंचीचे एरियल लागते. झाडांच्या फांद्यांत ते अडकते. दोन मीटरच्या लहरीसाठी अर्ध्या मीटरची काठी पुरते. म्हणून वाहनांच्या ताफ्याला सामान्यतः आखूड लहरी सोयीच्या पडतात. त्यांची मर्यादा अशी की, मध्ये डोंगर आला तर त्या अडतात. तेव्हा विजेचा जोर दुप्पट केला तरी अंतर दुप्पट होत नाही. त्यापेक्षा एरियल उंच करावे, किंवा कड्यावर थांबलेल्या गाडीने खालचा निरोप पुढे सांगावा. गाडीत बसविलेले यंत्र अधिक जोराचे असते. परंतु ओढ्यातून गाडी पार करताना जो माणूस खाली उतरून वाट दाखवितो, त्याच्यासाठी हातातले लहान यंत्रच हवे. ते पावसापाण्याला व धुळीला टिकणारे असावे. यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची चालतील, परंतु ती सर्व एकाच लहरीवर बोलणारी असली पाहिजेत. नाही तर बर्लिनच्या परिषदेपूर्वीच्या जहाजांसारखी गत होईल. कोणत्या लहरीवर आणि किती जोराने बोलता येते, याचे शासनाचे नियम असतात. तेही आधी पाहावेत. आणि थट्टामस्करीच्या गप्पांनी मार्ग अडवू नये, कारण त्याच क्षणी कोणाची तरी मदतीची हाक येत असेल.

पुढच्या गाडीचा चालक खचलेल्या वाटेची सूचना देतो आणि कळ सोडून थांबतो. एकेक गाडी आपला क्रमांक सांगून सूचना मिळाल्याचे कळविते. सर्वांत शेवटच्या गाडीचा आवाज येईपर्यंत तो पुढे हलत नाही. इटलीतल्या त्या टेकडीअलीकडे उभा असलेला एकवीस वर्षांचा तरुणही असाच कान देऊन, बंदुकीच्या बाराची वाट पाहत थांबला होता.